ओठांवरचा चेलो

“पडद्यावर आई मेलीय, आणि तुझा सोढी शंभर व्हायोलिनं घेऊन आलाय वरातीला!” आमचे हे गरजले. “अरे नेमू, घरात मढं असताना एवढी माणसं एकदम रडत्यात व्हय? आधी एकच बाई हुंदका देती. मग दुसरी. मग सगळं घर.”

“तुझ्या केणीकडं एकच बाई असती, हावळ. दुसरी यायच्या आत सिनेमा संपतोय,” नेमूअण्णा म्हणाले आणि त्यांनी भडंगाचा बकाणा भरला.

इस्माईलभाई हसून हसून आडवे झाले. मी आपली दारात बसलेली. भडंग मीच करून नेलं होतं, त्या निमित्तानंच तर मला तिथं बसायला मिळायचं. पण माझं खरं काम भडंगाचं नव्हतं.

इचलकरंजीत नेमूअण्णा मगदुमांचं सुताचं गोदाम होतं, त्याच्या माडीवर दर रविवारी सकाळी ही बैठक बसायची. नेमूअण्णा सुताचे व्यापारी, मशीन त्यांचं. मशीन म्हणजे मोठ्या रिळांचा टेपरेकॉर्डर. इस्माईलभाई पटवेगार, टॉकीजमध्ये ऑपरेटर. ते केबिनमधून वायर टाकून सिनेमाचा आवाज रिळावर उतरवून आणायचे. आणि तिसरे आमचे हे, मनोहर हावळ, यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर. माग बिघडला की ह्यांना हाक. आणखी माणसं यायची-जायची, पण खांब हे तीनच.

त्यांचा एक नियम होता. गाण्यांवर बोलायचं नाही. “गाणी काय, न्हावीसुद्धा गुणगुणतोय,” असं नेमूअण्णा म्हणायचे. बोलायचं ते फक्त पार्श्वसंगीतावर. नायक जिना चढतोय तेव्हा मागं काय वाजलं, पत्र फाडलं तेव्हा काय थांबलं, असल्या गोष्टींवर. म्हणून नाव पार्श्व मंडळ. नेमूअण्णा जैन, त्यामुळं गल्लीतल्या म्हाताऱ्यांना वाटायचं की वर पार्श्वनाथाची भजनं चालतात. त्या खालून हात जोडून जायच्या.

मुंबईचे दोन संगीतकार होते, हरिंदर सोढी आणि विश्वनाथ केणी. नेमूअण्णा सोढीचे, हे केणींचे. दोघांनी त्या दोघांना जन्मात बघितलं नव्हतं, पण भांडायचे असे की बांधाला बांध लागलाय. रीळ एकदाच वाजवायचं. वाजत असताना कुणी बोलायचं नाही. संपलं की चहा येईपर्यंतही गप्प. चहाचा पहिला घोट झाला की ज्याचा संगीतकार, त्यानं आधी तोंड उघडायचं. ह्यांच्याइतकं कुणाला बोलता यायचं नाही. कारखान्यात ह्यांना कोण विचारत होतं? पण त्या माडीवर चांगले शिकलेले लोकसुद्धा मान खाली घालून ऐकायचे.

आणि ह्यांना ऐकायला येत नव्हतं.

एका दुपारी चुलीपाशी, म्हणजे आमच्या त्या नव्या स्टोव्हपाशी, हे पेपर वाचत बसलेले. कुकरची शिट्टी कानाशी झाली. ह्यांनी पान उलटलं. दुसरी झाली. मी पदरानं कुकर उतरवला आणि म्हटलं, “अहो.” नुसतं पेपराकडं बघणं चाललेलं. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले तेव्हा वर बघितलं आणि म्हणाले, “काय गं, शिजला का भात?”

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, मागांच्या आवाजानं कानातल्या शिरा मेल्यात. आता आहे तेवढंही राहायचं नाही. एसटीत हे खिडकीबाहेर बघत बसले. जयसिंगपूर मागं गेल्यावर माझ्याकडं तोंड करून म्हणाले, “मंडळात कुणाला सांगायचं नाही.”

“अहो, कळणारच की.”

“कसं कळंल? ओठ वाचतोय की मी. सगळ्या कारखान्याला येतंय ते.”

ते खरंच होतं. मागांच्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, म्हणून आमच्या गावात कामगार ओठांवरनंच बोलतात. मी पण लग्नाआधी मागाच्या कांड्यांवर सूत भरायला जायची, मलाही यायचं. ह्या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूच्या तक्रारी सांगायची, आवाज न काढता.

“बोलणं वाचाल. व्हायोलिन कसं वाचाल?” मी विचारलं.

“तू सांगायचं.”

“मला काय कळतंय त्यातलं? मला सगळं एकच वाटतंय, कुईंकुईं.”

“शीक, चंपे.” असं म्हणून ह्यांनी माझा हात धरला, भर एसटीत. लग्नाला इतकी वर्षं झाली होती पण चारचौघांत कधी हात धरला नव्हता. “रविवार गेला तर माझ्यात काय उरलं गं? नुसता बहिरा जॉबर.”

मग मला मॅटिनीला नेणं सुरू झालं. ह्यांना आधीच पाठ असलेले सिनेमे. अंधारात माझ्या कानाशी सांगायचे, “आता जाड आवाज येईल बघ, सर्दी झालेल्या माणसासारखा. तो चेलो. मोठं व्हायोलिन असतंय, गुडघ्यात धरून वाजवत्यात.” आणि खरंच यायचा. मी हात दाबायची. ह्यांना वाटायचं आपण सांगतोय ते आवाज बारीक करून, पण पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायची. त्या अंधारात मी चेलो शिकले, बासरी शिकले, आणि एकटं वाद्य कुठं आणि घोळका कुठं, ते शिकले.

रविवारी मी दारात बसायची, ह्यांच्या बरोबर समोर. रीळ सुरू झालं की नुसते ओठ हलवायची. ‘बासरी. लांबनं. थांबली. आता घोळका. वर चढला. ढोल एकच.’ हे डोळे मिटल्यासारखे करून पापणीच्या फटीतनं वाचायचे. बाईमाणसाच्या तोंडाकडं कोण निरखून बघतंय? मंडळाला वाटायचं, वहिनी नामस्मरण करतात. इस्माईलभाई तर म्हणायचे, “भाभी, आमच्यासाठी पण दुवा मागा.”

मशीनच्या काचेत एक बारका काटा होता, आवाजाबरोबर नाचायचा. काटा उठला की सुरू झालं, झोपला की संपलं, एवढं ह्यांना त्यावरनं कळायचं. बाकी सगळं माझ्या ओठांवर. आणि तेवढ्यावर हा माणूस असं बोलायचा की मला वाटायचं, मी काय हे सांगितलं होतं? मी म्हटलं होतं ‘बासरी थांबली’. हे म्हणायचे, “बासरी थांबली तिथं त्या पोरीला कळलंय की तो येत नाही. केणी तिला रडूसुद्धा देत नाही.” माझ्याच अंगावर काटा यायचा.

एका रविवारी मला ताप होता. हे एकटेच गेले आणि ‘आज माझा घसा बसलाय’ म्हणून गप्प राहिले. त्यानंतर नेमूअण्णा माझ्याकडं बघायला लागले. मग ह्यांच्याकडं. मग परत माझ्याकडं. व्यापारी माणूस, हाताला सूत लागलं की त्याच्या जाडीचा नंबर ओळखणारा. मी घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, “नेमू आणि माझ्यावर संशय घेईल? अगं, एका ताटात जेवलोय आम्ही.”

मग ती बातमी आली. केणींनी संगीत दिलेला एक सिनेमा कधी लागलाच नव्हता. निर्माता मेला, सिनेमा डब्यात गेला. हे कायम म्हणायचे, केणींचं खरं काम त्यात असणार, माणूस तेव्हा पिकला होता. ते ऐकल्याशिवाय मरायचं नाही, असंही म्हणायचे. आणि नेमूअण्णांनी मुंबईच्या कुठल्याशा आडत्याकडनं त्याचं रीळ मिळवलं.

त्या रविवारी ह्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. वाटेत माझ्याकडं वळून म्हणाले, “एक पण वाद्य सोडू नकोस हं. हळूहळू सांग.”

“सोडणार नाही.”

“चेलो आला की दोनदा सांग.”

माडीवर गेलो तर नेमूअण्णा म्हणाले, “वहिनी, आज घरचं माणूस माहेरी गेलंय. खाली मागच्या स्वयंपाकघरात चहाचं तेवढं बघता का? रीळ तुम्ही आल्यावरच लावतो.”

मी ह्यांना ओठांनी सांगितलं, ‘मी आल्याशिवाय सुरू नाही.’ हे हसले. मी खाली गेले. आधण ठेवलं, साखर शोधली, आलं ठेचलं. वरनं काही आवाज नव्हता, म्हणून मला काही घाई नव्हती. उलट चहा चांगला उकळू दिला. आज ह्यांचा दिवस होता.

कपांचा ट्रे घेऊन जिना चढले आणि दारातच थबकले.

रिळं फिरत होती. काटा नाचत होता, चांगला उड्या मारत होता. आणि खोलीत आवाज नव्हता. रीळ घासल्याची नुसती सूंऽऽ. ह्यांचे डोळे मिटलेले, पुरते मिटलेले. मान हळूहळू हलत होती. उजवा हात गुडघ्यावरनं उचललेला, बोटं हवेत कुणाला तरी थांब म्हणत होती, मग ये म्हणत होती. गालावरनं पाणी ओघळत होतं ते ह्यांनी पुसलंही नव्हतं. इस्माईलभाई जाजमाकडं बघत होते. आणि नेमूअण्णांचा हात आवाजाच्या बटणावर होता. बटण पार खाली फिरवलेलं. काट्याला बटणाशी देणंघेणं नव्हतं, तो रिळावरनं नाचत होता.

मला आधी कळेना. मग कळलं. नेमूअण्णांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. बोट बटणावर तसंच, वर पण फिरवेनात आणि काढून पण घेईनात.

मनात आलं, ट्रे त्यांच्या डोक्यात घालावा. पण मग ह्यांना कळलं असतं. मी ट्रे खाली ठेवला आणि माझ्या जागी दारात बसले. पुढं वाकून बांगडीचा हात ह्यांच्या गुडघ्याला हळूच लावला. ह्यांनी डोळे उघडले, आधी काट्याकडं बघितलं, तो नाचतच होता. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. लहान पोर ताटाकडं बघतं तसं.

मी ओठ हलवले. ‘चेलो.’

परत म्हटलं, ‘चेलो. एकटा.’

ह्यांनी मान डोलवली. म्हणजे ह्यांनाही तेच वाटलं होतं.

‘खाली उतरतोय. जिना उतरल्यासारखा. थांबला. कुणीच नाही. अजून कुणीच नाही. आता बासरी, लांबनं, शेताच्या पलीकडनं. चेलो तिला हाक मारतोय. ती थांबली. एक व्हायोलिन. एकच बाई. दुसरी. आता सगळं घर.’

कुठनं आलं मला ठाऊक नाही. माझं सगळं आयुष्य कांड्या आणि भाकरीत गेलेलं. पण नेमूअण्णा आणि इस्माईलभाईंच्या समोर, त्या मुक्या खोलीत, मी आख्खा सिनेमा वाजवला. दोघंही माझ्या ओठांकडं बघत होते. कारखान्यांच्या गावातली माणसं, त्यांनाही वाचता येत होतं. काटा झोपला तेव्हा मी थांबले.

चहाचा घोट झाला. हे बोलायला लागले. मी ह्यांना इतकं छान बोलताना कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. “केणींनी ह्यात मरण वाजवलंय,” हे म्हणाले. “पण मरणाराचं न्हाई. मागं राहिलेल्याचं. तो चेलो जिना उतरतो ना, तो घरातनं बाहेर पडत नाही. तो रिकाम्या खोलीत जातो. नेमू, तुझ्या सोढीनं इथं काय केलं असतं, सांग. सांग की!”

नेमूअण्णांनी कप खाली ठेवला. “तुझंच बरोबर आहे हावळ,” ते म्हणाले. “सोढीला हे जमलं नसतं.”

हे हसले. पण हसता हसता भुवया जरा जवळ आल्या.

“नेमू हरला कसा?” घरी ताटावर बसल्या बसल्या विचारलं.

“तुमचं बरोबर होतं म्हणून.”

“माझं आधीपण बरोबर असायचं. त्यानं कधी मान्य केलंय?”

पुढच्या रविवारी रीळ सोढीचं होतं. चहा झाला, नेमूअण्णा बोलले. मग हे उठून बसले आणि मोठ्यानं म्हणाले, “माझं ऐक नेमू. केणीला वाद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सगळं सोढीचं चोरलंय त्यानं.”

मी उडालेच. असलं पाप ह्यांच्या तोंडी? पूर्वीचे नेमूअण्णा असते तर आनंदानं नाचले असते, गल्लीभर पेढे वाटले असते. पण त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं आणि मऊ आवाजात म्हणाले, “असेल. तू म्हणतोस तर असेल.”

ह्यांनी आवाज नाही ऐकला. तोंडावरचा मऊपणा वाचला. मग उठले, चप्पल घातली आणि जिना उतरले. त्या माडीवर परत कधी पाय ठेवला नाही.

घरी आल्यावर मला पुढ्यात बसवलं. खांद्याला धरून, ओठ नीट दिसतील असं.

“खरं सांग. नेमूला माझे कान कळलेत. त्या दिवशी केणींचं रीळ वाजलं का?”

“वाजलं.”

“नेमूनं आवाज बंद केला होता?”

“न्हाई.”

“माझी शपथ घे.”

मी ह्यांच्या गळ्याला हात लावला. “तुमच्या गळ्याशपथ. वाजलं.” खोटी शपथ घेतली तर ज्याची घेतली तो मरतो, असं आमच्यात म्हणतात. रीळ फिरत होतं, काटा नाचत होता, म्हणजे वाजलंच की. अंबाबाईनं एवढं तरी समजून घ्यावं.

ह्यांना खरं वाटलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. मग म्हणाले, “मग परत सांग. पहिल्यापासनं.”

मी सांगितलं. चेलो, एकटा, जिना उतरतोय.

त्यानंतर रविवारची बैठक आमच्या घरात, आम्हा दोघांची. दुसरं काही ऐकायचं नाही, तेवढंच. मी एखादं वाद्य विसरले तर चिडायचे, “बासरी खाल्लीस!” वर्ष भरायच्या आत छातीच्या दुखण्यानं ह्यांनी अंथरूण धरलं. कापसाचा भुगा जन्मभर गिळलेला, तो आता बाहेर यायला लागला. खोकून खोकून ओठ निळे पडायचे. बोलता येईना तेव्हा बोटानं माझ्या तोंडाकडं खूण करायचे, वाजव. मी वाजवायची. शेवटच्या दिवशीपण वाजवलं. ‘आता सगळं घर’ म्हणायच्या आधीच डोळे स्थिर झाले. पुढचं मी कुणाला सांगू, म्हणून तिथंच थांबले.

दिवसकार्य झाल्यावर नेमूअण्णा आणि इस्माईलभाई आले. इस्माईलभाईंच्या डोक्यावर मशीन, नेमूअण्णांच्या हातात रिळाचा डबा. नेमूअण्णा खाली मान घालून बसले.

“वहिनी, इतकी वर्षं मी एका बहिऱ्याकडनं हरत होतो का, एवढंच मला बघायचं होतं,” ते म्हणाले. “अर्ध्या मिनिटात आवाज वर करणार होतो. पण तो रडायला लागला. मग कसा वर करू? वर केला असता तरी त्याला कळलं नसतं, खाली ठेवला तरी कळलं नाही. माझं बोटच मेलं हो.”

मी फोटोवरचा हार सरळ केला.

“मीसुद्धा हे रीळ आधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही लावलं नाही. त्याच्या माघारी ऐकणं बरोबर न्हाई वाटलं. आज त्याच्या फोटोपुढं लावूया?”

मी म्हटलं, “लावा.” मलाही बघायचं होतं.

रीळ फिरलं. काटा उठला. आणि तुताऱ्या वाजायला लागल्या. तुताऱ्या, पितळी ताशे आणि त्यावर शंभर व्हायोलिनं, एकदम, घर डोक्यावर घेऊन. फोटोला घातलेला हार थरथरला. चेलो नाही, बासरी नाही, रिकामी खोली नाही. इस्माईलभाईंच्या तोंडातनं निघालं, “या अल्ला. हा तर सोढीच!”

केणींनी शेवटी सोढीची नक्कल केली होती. पोटासाठी असेल, निर्मात्यानं सांगितलं असेल. जन्मभराचा वाद नेमूअण्णा जिंकले होते आणि समोर फोटो होता. ते फोटोकडं बघून ढसाढसा रडायला लागले. “बोल की हावळ,” म्हणाले. “शिव्या तरी दे.”

मी उठून मशीन बंद केलं. शेजारच्या कारखान्याची खडखड परत ऐकू यायला लागली.

नेमूअण्णांनी नाक पुसलं. “वहिनी, तुमचं बरं होतं,” ते म्हणाले. “त्या दिवशी तुम्ही जे वाजवलंत ते. मी वाचत होतो, पण माझे डोळे भरले, अर्धं निसटलं. तो चेलो उतरतो, त्याच्या पुढचं एकदा सांगता? मी तुमच्या पाया पडतो. एकदाच.”

इस्माईलभाईपण माझ्या तोंडाकडं बघायला लागले. दोघंही पुढं सरकून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, अगदी रविवारसारखे बसले.

“आवाज तुम्ही बंद केला होता, अण्णा,” मी म्हटलं. “आता बंदच राहू दे.”

मग मी तोंडाला पदर लावला आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.